खिशांतील चाकू व त्याचें कडें

खिशांतील चाकू हें शेतकऱ्याचें नित्याचें हत्यार. परंतु काम चालतां चालतां पातें मिटलें तर बोटावर संकट येतें. फ्रान्स देशांतील सॅव्हॉय या डोंगरी प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० सालीं लांकडी मुठीचा साधा चाकू घडविला. १८९७ सालापासून तो १ ते १२ अशा मापांत निघूं लागला. संग्राहक तीं मापें आजही आवडीनें जमवितात. १९५५ सालीं त्यांचे पुत्र मार्सेल यांनीं मुठीच्या तोंडाशीं फिरतें कडें बसविलें. तें फिरवितांच उघडें पातें जागीं अडकून राहतें.

साध्या पोलादाचें पातें मात्र ओलें ठेविल्यास गंजतें. म्हणून काम होतांच तें पुसून तेलाचा हात द्यावा. चाकू घेतांना शेतकरी बंधूंनीं धारेआधीं अडसर पाहावा. धार पुन्हां लावतां येते. बोट पुन्हां उगवत नाहीं.