शिट्टी वाजवणारा कॉम्प्युटर

अंबडच्या आमच्या घरात २००३ साली घेतलेला पेन्टियम-फोर अजून आहे. एमएस-सीआयटी केल्यावर हौसेनं घेतलेला. सासूबाई जात्यावरच्या ओव्या सांगायच्या अन् मी त्या श्रीलिपीत टाइप करायचे. सासूबाई गेल्या, ओव्या मात्र त्या डब्यातच राहिल्या.

गेल्या दिवाळीत बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून लांब लांब शिट्ट्या. "भंगारात द्या काकू," दुरुस्तीवाला म्हणाला. जालन्यात भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत. पण ओव्या कशा वितळवायच्या?

लेक फोनवर म्हणाली, "आई, ती शिट्टी बहुतेक रॅमची." प्लग काढला. आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते. दोन्ही खटके उघडून १२८ एमबीची पट्टी काढली. तिचे सोनेरी दात काळवंडले होते. नातवाच्या खोडरबरानं हलकेच पुसले, पट्टी बसवली. तरी शिट्टी! मग स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशनं झाडली अन् पडदा उजळला.

पुढे जालन्याहून २५६ची जुनी डीडीआर पट्टी आणून शेजारी बसवली. तिची खाच मध्यापासून थोडी बाजूला असते, म्हणून उलटी बसतच नाही. जोर करायचा नाही. तीन व्होल्टचा नवा सेल घातला, तेव्हा तारीखही टिकू लागली.

ओव्या आता पेनड्राइव्हवर आहेत. मोबाइलवर श्रीलिपी वाचता येत नाही, म्हणून रोज चार ओव्या युनिकोडमध्ये उतरवते. जात्यासारखंच, मुठीमुठीनं.