तालमीतली पोरे आणि क्रिएटिनची पूड

तालमीत जाणारा किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा घरात असला, की फळीवर पांढऱ्या पुडीचा एक डबा हमखास दिसतो. त्यावर ‘क्रिएटिन’ असे लिहिलेले असते. आईला वाटते, या पुडीने पोराची मूत्रपिंडे निकामी होणार. पोराला वाटते, डबा संपला की आपण हिंदकेसरी! दोन्ही समजुती टोकाच्या आहेत. म्हणून ही वस्तू आहे तरी काय, हे घरातल्या सर्वांनीच समजून घेतलेले बरे.

क्रिएटिन हे दंड फुगवणारे इंजेक्शन नव्हे. शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ १८३२ साली मांसाच्या अर्कात सापडला. आपले शरीरही तो रोज सुमारे १ ग्रॅम तयार करते. मांस-मासळीतून आणखी थोडा मिळतो. धान्य-भाजीपाल्यात तो जवळजवळ नसतोच आणि दुधातही नाममात्रच असतो. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा थोडा कमी असतो.

त्याचे काम चुलीच्या उदाहरणाने समजेल. परड्यात लाकडाची रास असते, पण जाळ चटकन करायचा तर हाताशी काटक्या लागतात. स्नायूंतले क्रिएटिन म्हणजे या काटक्या. पोते पाठीवर घेताना, प्रतिस्पर्ध्याला उचलताना, जीव खाऊन धावताना पहिल्या आठ-दहा सेकंदांची ताकद मुख्यतः त्यातूनच मिळते. पुढे शरीर परड्यातल्या लाकडांकडे वळते, म्हणजे अन्नातली साखर आणि चरबी जाळू लागते.

पूड खाल्ल्याने काटक्यांचा हा साठा वाढतो, हे रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले. तेव्हापासून जगभरच्या खेळाडूंत तिचा प्रसार झाला. भरतीच्या मैदानावर याचा अर्थ काय? गोळाफेक आणि १०० मीटर धावणे यांत थोडी मदत होऊ शकते. १६०० मीटरमध्ये मात्र फारसा उपयोग नाही. उलट स्नायूंत पाणी साठून वजन एक-दोन किलोने वाढते, ते लांब पल्ल्याला जडच जाते.

आता अंग आंबण्याविषयी. पहिल्या दिवशी शंभर बैठका मारल्या किंवा दिवसभर ऊस तोडला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. ‘अंगात आम्ल साठले’ असे पुष्कळजण सांगतात, पण ते खरे नाही. ते आम्ल तास-दोन तासांत निघून जाते. सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना दुखते. एक ते तीन दिवस हे दुखणे जास्त असते, मग आपोआप ओसरते. पुडीने ते लवकर थांबते का? काही प्रयोगांत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच दिसला नाही. तेव्हा दुखण्यावर औषध म्हणून ती घेण्यात अर्थ नाही.

इजा भरून येते ती झोपेने, विश्रांतीने आणि पोटभर अन्नाने. कसून मेहनत करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९० ग्रॅम. लिटरभर गाईच्या दुधात सुमारे ३२, दोन अंड्यांत १२ आणि मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२ ग्रॅम मिळतात. उरलेली भाकरी, डाळ, उसळ आणि फुटाण्यांतून भरून निघतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा ही पूड बाजारात नव्हतीच. मेहनत आणि घरचे अन्न हाच पाया, पूड फार तर वरचा थर.

तरीही मुलाला ती घ्यायचीच असेल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे. साधारण महिन्याभरात साठा भरतो. जास्त खाल्ल्याने जास्त ताकद येत नाही. पोट मात्र बिघडू शकते.

२. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडांना या प्रमाणात अपाय होतो, असे आढळलेले नाही. परंतु मूत्रपिंडाचा विकार असेल तर घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

३. रक्त तपासताना पूड घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. तपासणीतले ‘क्रिएटिनिन’ हे क्रिएटिनपासूनच बनते. त्यामुळे आकडा थोडा वाढलेला दिसतो आणि उगाच घबराट होते.

४. सुटी, बिनलेबलाची पूड घेऊ नये. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाहावा आणि पक्की पावती घ्यावी.

५. अति मेहनतीनंतर लघवी काळसर, चहाच्या रंगाची झाली आणि अंग भयंकर दुखू लागले, तर पूड घेत असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्नायू मोडून त्यांचा अंश रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते आणि त्याने मूत्रपिंडांना खरोखरच धोका पोचतो.

पैसा मोजका असेल तर आधी पोराच्या ताटात दूध, अंडी, डाळ येऊ द्या आणि त्याला रात्री आठ तास झोपू द्या. एवढे करून चार पैसे उरले, तरच डब्याचा विचार करावा.