मूल तीन वर्षांचे झाले, अजून बोलत नाही

समजा, आपले बिऱ्हाड चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, पार्थसारथी मंदिराजवळच्या एखाद्या गल्लीत आहे. घरात मराठी, जिना उतरला की तमिळ. मूल तीन वर्षांचे झाले तरी दोनचार शब्दांपलीकडे बोलत नाही. शेजारीण म्हणते, दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतो. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही उशिराच बोलू लागले. रात्री सर्व निजल्यावर आपण फोनवर हाच प्रश्न शोधता आणि उत्तरांचा पूर लोटतो. कोणी तेल विकतो, कोणी तीन महिन्यांत हमखास गुण देऊ म्हणतो.

हमखास गुणाची भाषा दिसली की ते पान तेथेच मिटावे.

दोन भाषा कानी पडल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही, हे निश्चित झालेले आहे. आपली मराठी सोडू नये. कानांची तपासणी मात्र लांबणीवर टाकू नये. भांडे पडल्यावर मूल दचकते, म्हणजे त्याला सर्व ऐकू येते, हा समज फसवा आहे. ही तपासणी फोनवर होत नाही. एगमोरचे सरकारी बालरुग्णालय फार दूर नाही.

घरच्या शिकवणीसाठी मात्र फोन खरोखर उपयोगी पडतो. पालकांना दुरून शिकविण्याची कल्पना जुनीच आहे. लॉस एंजेलिसच्या लुईझ ट्रेसी यांचा मुलगा बहिरा होता. त्यांनी १९४२ साली पालकांसाठी केंद्र काढले आणि लवकरच टपालाने विनामूल्य पाठ धाडण्यास आरंभ केला. चेन्नईतील मधुरम् नारायणन् केंद्राने (स्थापना १९८९) आपल्या कार्यक्रमास ‘उपनयन’ हे नाव दिले. आपल्याकडे उपनयन म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणे. येथे गुरूच्या जागी बहुधा आईच असते! त्यात मुलाच्या विकासाची २५० लहान कौशल्यांत विभागणी केली आहे.

ही विभागणी हेच या शिक्षणाचे मर्म होय. सदरा घालणे हे आपल्याला एक काम वाटते. मुलाला ती दहा कामे असतात. म्हणून सदरा आपणच घालावा आणि शेवटी तो खाली ओढण्याचे तेवढे काम मुलाकडे द्यावे. ते जमले की त्याआधीची पायरी घ्यावी. काम पुरे केल्याचा आनंद असा रोज मुलाच्याच वाट्यास येतो.

बोलण्यासाठी मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य अ‍ॅप आहे. चित्रावर बोट ठेवताच ते शब्द उच्चारते, मराठीतही. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती अनुभवास उतरलेली नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर पालकांसाठी पुस्तिका आहेत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागल्यास ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो.

आणि एक वही करावी. मुलाने कोणता शब्द केव्हा उच्चारला, कोणत्या हाकेस मान वळविली, हे तारखेसह लिहावे. तपासणीस जाताना ती वही पिशवीत असू द्यावी. तेथे गडबडीत अर्धे सांगावयाचे राहून जाते.