ब्रह्मदेशाचे विभक्तीकरण

ब्रह्मदेश (विद्यमान म्यानमार) ब्रिटिश हिंदुस्थानातून १ एप्रिल १९३७ रोजी अलग झाला, ती घटना व तिच्यामागील प्रक्रिया. विविध राष्ट्रीय समाज एका सत्तेखाली आणणारा हा राजकीय संयोग १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत टिकेनासा झाला.

पार्श्वभूमी : तीन युद्धांत (१८२४–२६, १८५२ व १८८५) ब्रिटिशांनी ब्रह्मदेश टप्प्याटप्प्याने जिंकून हिंदुस्थानास जोडला. अखेरचा राजा थिबा यास १८८६ मध्ये मद्रासमार्गे रत्नागिरीस आणून स्थानबद्ध करण्यात आले. डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. उलटपक्षी, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०८–१४ हा कारावास मंडाले येथे भोगला. संयोग लोकसंमतीवर नव्हे, तर जेत्यांच्या सोयीवर उभा होता, हे या दोन बंदिवासांवरून दिसून येते.

आर्थिक संबंध मात्र दृढ होते. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील तांदूळ हिंदुस्थानात येई. लागवडीस चेट्टियार सावकारांचे कर्ज व गिरण्या-गोदींस तेलुगू, ओडिया व तमिळ मजूर मिळत. १९३१ च्या जनगणनेनुसार ब्रह्मदेशात सु. १० लाख भारतीय होते व रंगूनच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

मंदीचे परिणाम : १९३० पासून भाताचे भाव कोसळले, कर्जाचा बोजा मात्र कायम राहिला. प्रमुख भातउत्पादक जिल्ह्यांत १९३० मध्ये सु. ६ टक्के जमीन चेट्टियारांकडे होती. कर्जफेडीअभावी हे प्रमाण १९३८ पर्यंत सु. २५ टक्के झाले. मे १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत ब्रह्मी व तेलुगू मजुरांत दंगल उसळली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साया सान याच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्याने स्वतःस राजा घोषित केले होते. १९३१ मध्ये त्यास फाशी देण्यात आली.

निर्णय : सायमन आयोगाने १९३० मध्ये विभक्तीकरणाची शिफारस केली. तथापि अलग झाल्यास हिंदुस्थानास मिळणाऱ्या सुधारणांना आपण मुकू, अशी भीती अनेक ब्रह्मी पुढाऱ्यांना वाटत होती. त्यामुळे नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत बा मॉ प्रभृतींच्या विभक्तीकरणविरोधी गटांना अधिक जागा मिळाल्या. मात्र संघराज्यात कायमचे व बिनशर्त राहण्यासही त्यांचा विरोध होता. बाहेर पडण्याचा हक्क त्यांना हवा होता आणि तो देण्यास ब्रिटिश तयार नव्हते. विधिमंडळाचा कौल असा संदिग्ध राहिल्याने निर्णय ब्रिटिश संसदेने घेतला आणि १९३५ च्या कायद्याने विभक्तीकरण ठरले. बा मॉ हेच विभक्त ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान झाले.

परिणाम : विभक्तीकरणाने प्रशासन वेगळे झाले; जमीन, कर्ज व स्थलांतर हे प्रश्न तसेच राहिले. १९३८ मध्ये भारतीयविरोधी दंगली झाल्या. १९४२ मध्ये जपानी आक्रमणानंतर सु. ५ लाख भारतीयांनी देश सोडला. अनेक जण अरण्यमार्गांत मरण पावले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला.

संयोगाचा शेवट झाला, तरी थिबाची समाधी रत्नागिरीतच राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिला भेट दिली.