सोनेरी चेंडू आणि एक 'नाही'

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे चिरंजीव आणि त्यांचे बाबा यांचं खातं. मेस्सीनं 'बॅलन डी'ओर' आठ वेळा कोणकोणत्या वर्षी मिळवलं, हे चिरंजीवांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ! 'फ्रान्स फुटबॉल' नावाचं नियतकालिक दरवर्षी सर्वोत्तम खेळाडूला हा सोनेरी चेंडू देतं. सुरुवात १९५६ ची. पहिले मानकरी इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज, वय वर्षं ४१.

"आणि बायकांना कधीपासून?" भाजी निवडता निवडता मी विचारलं. चिरंजीव गप्प. मग मीच शोधलं. २०१८ पासून! म्हणजे तब्बल ६२ वर्षांनी.

त्याआधी बायका खेळत नव्हत्या की काय? खेळत होत्या की! १९२० साली नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलला 'डिक, केर' कारखान्याच्या मुलींचा सामना पाहायला ५३ हजार माणसं लोटली होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 'हा खेळ बायकांना शोभत नाही' म्हणून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती खुली व्हायला जवळजवळ ५० वर्षं लागली. शोभत नाही! हे शब्द आपल्यापैकी कुणी ऐकले नाहीत?

तर २०१८ च्या डिसेंबरात पॅरिसला बायकांमधला पहिला सोनेरी चेंडू नॉर्वेच्या आदा हेगरबर्गला मिळाला. वय २३. जगातल्या लहान मुलींना 'स्वतःवर विश्वास ठेवा' असं तिनं सांगितलं. आणि सूत्रसंचालक मार्टिन सोलवेग यांनी तिला काय विचारावं? तुला 'ट्वर्क' करता येतं का? म्हणजे कमरेखालचा भाग हलवत करायचा नाच, बरं का! ती "नाही" म्हणाली आणि वळली. एवढंच. नंतर त्यांनी माफी मागितली. तिनं स्वतः त्याचा बाऊ केला नाही. पण जगभर बोलबाला झाला तो त्या प्रश्नाचाच.

मला मात्र तिचा आधीचा 'नाही' मोठा वाटतो. २०१७ साली, मुलींच्या फुटबॉलला नीट वागवत नाहीत म्हणून तिनं देशाच्या संघातून खेळणं थांबवलं. त्याच वर्षी नॉर्वेत पुरुषांच्या आणि बायकांच्या संघांना सारखं मानधन ठरलं, तरी ती परतली नाही; प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. २०१९ चा विश्वचषक फ्रान्समध्येच होता, आणि ती खेळायची तिथल्याच लिऑंकडून. ती घरी राहिली. त्याआधी महिनाभर, युरोपच्या क्लबांच्या अंतिम सामन्यात पहिल्या अर्ध्या तासात तिनं ३ गोल केले होते! असा खेळ हातात, नव्हे पायात, असताना विश्वचषक सोडायचा म्हणजे जिवावर आलं नसेल?

२०२२ साली ती देशाच्या संघात परतली. कोसोव्होविरुद्ध पुन्हा ३ गोल.

रात्री पानं वाढताना मी हे सगळं सांगितलं. चिरंजीव वही घेऊन आले आणि म्हणाले, "आई, तिचं आडनाव कसं लिहायचं गं?"