‘कशावरून?’ : श्रद्धा, आरोप आणि पुरावा

एखाद्या पाड्यावर एका घरातले मूल आजारी पडते. हातपाय दुखतात, ताप येतो, चेहरा पांढुरका दिसू लागतो. काही दिवसांनी त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाला तेच होते. शेजारच्या घरातली मुले मात्र ठणठणीत असतात. आईबापांना प्रश्न पडतो, ‘आमच्याच घरावर का?’

प्रश्न अगदी योग्य आहे. घोटाळा होतो तो उत्तराकडे जाणाऱ्या वाटेवर. डहाणू-तलासरी भागात अशा वेळी भगताकडे जाऊन दाणे पाहण्याची रीत आहे. कधीकधी उत्तर निघते की हे अमक्या बाईने केले, ती भुताळी आहे. मग त्या बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. प्रसंगी जिवावरही बेतते. शहरातली माणसे याला ‘मागासलेपण’ म्हणतात आणि स्वतः पत्रिका पाहून लग्न मोडतात. तेव्हा हा दोष एका समाजाचा नाही. पुरावा कसा तोलावा, हे न शिकवल्याचा तो परिणाम आहे.

पुरावा तोलण्याचे एक शास्त्र मात्र आपल्याकडे तयार आहे, ते न्यायालयातले. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ते सूत्रबद्ध झाले आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही त्याचा गाभा तोच आहे. एखादी गोष्ट ‘शाबीत’ केव्हा म्हणायची? समोर आलेल्या बाबी पाहून ती खरी असल्याची खात्री पटते, किंवा समंजस माणसाने ती खरी धरून वागावे इतकी ती संभवनीय वाटते, तेव्हा.

न्यायालय काय विचारत नाही

देव आहे का, भूत आहे का, याचा निवाडा न्यायालय करत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेला जाणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही आणि मागण्याचे कारणही नाही. मात्र श्रद्धा ज्या क्षणी दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘हे हिने केले’ म्हणते, त्या क्षणी ती आरोप होते. आरोपाला ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

चार नियम

पहिला नियम शाबितीच्या जबाबदारीचा. जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करायचा. ‘मी भुताळी नाही’ हे त्या बाईने सिद्ध करावे, अशी मागणी पुरी होणे अशक्यच आहे. न केलेल्या गोष्टीचा पुरावा कोठून आणायचा?

दुसरा नियम ऐकीव गोष्टींचा. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले सांगायचे. ‘सगळा गाव म्हणतो’ ही साक्ष होत नाही, कारण सगळ्या गावाची उलटतपासणी घेता येत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा जीव घेतला. चोर, मुले पळवणारे फिरत आहेत, अशा अफवा त्या दिवसांत पसरल्या होत्या. तेथे प्रश्न अफवेचा होता, भुताळीचा नव्हता. पण चूक तीच होती. शंभर तोंडांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे शंभर पुरावे, असे मानले गेले.

तिसरा नियम साक्ष आणि मत यांतला फरक ओळखण्याचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. ‘जमिनीतून आवाज आला, भांडी हलली’ ही गावकऱ्यांची प्रत्यक्ष साक्ष होती. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक बसवले तेव्हा धक्क्यांच्या नोंदीही मिळाल्या. म्हणजे गावकऱ्यांची साक्ष भरवशाची ठरली. पण धक्का कशामुळे बसला, हे साक्षीने कळत नाही. ते मत असते. मत देण्याचा अधिकार न्यायालयात तज्ज्ञाला असतो आणि त्यालाही आपल्या मताचा आधार सांगावा लागतो. मूल आजारी आहे, ही आईची साक्ष खरीच आहे. दाणे पाहून नाव घेणारा भगत मात्र मत देत असतो. त्याला विचारायला हवे : तेच दाणे दुसऱ्या भगताने, नाव न ऐकता पाहिले तर तेच नाव निघेल का? भगताला झाडपाल्याची चांगली जाण असू शकते. पण त्यावरून हे मत आपोआप खरे ठरत नाही.

चौथा नियम कबुलीचा. धाक, मारहाण किंवा आमिष दाखवून मिळवलेला कबुलीजबाब कायदा मानत नाही. मार थांबावा म्हणून माणूस काहीही कबूल करतो.

आमच्याच घरावर का?

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. पालघरच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजार येथे विचारात घेण्यासारखा आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतले एकच अमिनो आम्ल बदलते आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना होतात. आईबाप दोघेही वाहक असले तर त्यांना स्वतःला सहसा त्रास नसतो. पण प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून एकाच घरात दोन मुले आजारी आणि शेजारचे घर सुखरूप, हे सहज घडू शकते. रक्ताच्या साध्या तपासणीने याचा उलगडा होतो. प्रत्येक वेळी कारण सिकलसेलच असेल असे नाही. मलेरिया असेल, कुपोषण असेल. तपासणी करायची ती यासाठीच.

नियम बदलला की काय होते?

पुराव्याच्या नियमाने खरोखर काही फरक पडतो का? इतिहासात याचा जणू प्रयोगच झाला आहे. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावी चेटकिणींचे खटले चालले. ‘हिची छायाकृती येऊन मला छळते’ असे फिर्यादीने सांगितले की तो पुरावा धरला जाई. ती छाया इतरांना दिसत नसे, त्यामुळे आरोप खोडून काढणेही अशक्य होते. काही महिन्यांत १९ जणांना फाशी झाली. जानेवारी १६९३ मध्ये नवे न्यायालय बसले. त्याने असा पुरावा मानण्यास नकार दिला आणि बहुतेक सर्व आरोपी सुटले. ज्या तिघांना दोषी ठरवले, त्यांनाही फाशी झाली नाही. मधल्या काळात लोकांचा चेटकावरचा विश्वास काही उडाला नव्हता. बदलला होता तो पुराव्याचा नियम, आणि तेवढ्याने माणसे वाचली.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. एखाद्याला करणी करणारा, जादूटोणा करणारा ठरवून छळणे हा या कायद्याने ६ महिने ते ७ वर्षे कैदेचा गुन्हा आहे. पूजाअर्चा, यात्रा, भजन-कीर्तन यांना मात्र तो लागू होत नाही. दाभोलकर खून खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. जो नियम भुताळी ठरवलेल्या बाईला वाचवतो, तो सर्वांनाच सारखा लागू होतो. निकाल आपल्या मनासारखा असो वा नसो.

वर्गात करून पाहा

‘मांजर आडवे गेले की काम बिघडते’ हे विधान फळ्यावर लिहा आणि चार चौकोन आखा : मांजर आडवे गेले–काम बिघडले, आडवे गेले–बिघडले नाही, गेले नाही–बिघडले, गेले नाही–बिघडले नाही. मुलांना महिनाभर रोज नोंद करू द्या. आपण एरवी फक्त पहिला चौकोन लक्षात ठेवतो, हे त्यांना आपोआप दिसेल. मग हाच तक्ता भुताळीच्या आरोपाला लावून विचारा : जिच्यावर आळ आहे, तिच्या दारावरून रोज जाणारी किती मुले आजारी पडली नाहीत? वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरावर असा आळ आलेला असू शकतो. म्हणून खऱ्या घरांची, माणसांची नावे वर्गात घेऊ देऊ नका.

न्यायालयेही चुकतात, म्हणून अपिलाची सोय असते. विज्ञानही चुकते, म्हणून प्रयोग पुन्हा केला जातो. दोन्हीकडे ‘अजून ठरत नाही’ असे म्हणता येते. आजाराचे कारण कळले नाही तर ‘कळले नाही’ असे म्हणावे आणि मुलाला घेऊन दवाखान्यात जावे. आपल्याला उत्तर माहीत नाही, एवढ्यावरून कोणा बाईचे नाव घेण्याचा अधिकार मात्र मिळत नाही.