हरळी दुष्काळात कशी तगते? दुसरं दुकान चालवणाऱ्यांसाठी पाण्याचा हिशेब



"सर, दुसरं दुकान अजून उभं राहत नाहीये. पहिल्याचे पैसे त्यात किती दिवस घालू?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तराआधी जरा शेताच्या बांधावर जाऊ.

गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजेच ही हरळी. शेतकऱ्याला मात्र तिचा वैताग! वरून खुरपली तरी जमिनीत काशा राहतात आणि पुन्हा फुटतात.

तिचं खोड जमिनीवरून आणि जमिनीखालूनही आडवं धावतं. पेरापेराला खाली मुळं, वर पानं. दिसायला शंभर रोपं, पण आतून एकाच पाइपलाइनला जोडलेली. समजा, एक फुटवा ओलीत आहे आणि दुसरा कोरड्या मुरमात. कोरड्या फुटव्याच्या पानांतून पाणी उडतं, तिथे ओढ तयार होते आणि ओलीकडचं पाणी खोडातून तिकडे खेचलं जातं. कुणी वाटप करत नाही. जिकडे ओढ जास्त, तिकडे पाणी.

हे तपासायला शास्त्रज्ञ साधी युक्ती करतात. काही जोड्यांमधलं खोड कापायचं, काही तशाच ठेवायच्या. जोड शाबूत असेल तर कोरड्यातला फुटवा सहसा जास्त तग धरतो.

आता धंद्याचं बोलू.

१. मदत फुकट नसते. पाणी देणाऱ्या फुटव्याची वाढ कधीकधी मंदावते. पहिल्या दुकानाचा माल भरायला पैसे उरतायत ना, हे आधी बघा.

२. दोन्हीकडे कोरड पडली तर जोड असून उपयोग नाही. दोन्ही दुकानं एकाच लग्नसराईवर चालत असतील, तर मंदीत कोण कुणाला देणार?

३. नवा फुटवा सुरुवातीला जुन्याच्या जिवावर वाढतो. स्वतःची मुळं धरली की जोड तुटली तरी जगू शकतो. दुकानाची मुळं म्हणजे परत परत येणारं गिऱ्हाईक.

म्हणून "किती दिवस?" याचं माझं उत्तर: मुळं धरतायत तोवर. गल्ला नंतर बघा, आधी दर महिन्याला परत येणारी गिऱ्हाइकं मोजा. आकडा वाढतोय? मग थोडं पाणी द्या. सहा महिने तिथेच अडकलाय? मग जोड कापायची वेळ झाली.

आज रात्री गल्ला मोजताना दोन्ही दुकानांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याच वहीवर बोलू!